सोळाशे मीटर आणि साडेतीनशे मिली

मागच्या दिवाळीत मी कुहीला घरी गेलो होतो, तेव्हा गावात रक्तदान शिबिर होतं. मी दरवर्षी देतो. या वेळी काकाच्या पोरालाही ओढून नेलं. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे उमरेड रोडला पळतो. टेबलाजवळ पोचल्यावर तो कुरकुरला, "दादा, पंधरा दिवसानं ग्राउंड हाय माहं. रक्त देल्लं अन् सोळाशेत दम लागला त?"

मी इंजिनिअर माणूस, मला सगळं माहीत! म्हटलं, "अरे, चोवीस तासांत भरून येतं." त्यानं मुकाट्यानं हात पुढे केला.

तीन दिवसांनी तो पळायला गेला आणि शेवटच्या फेरीत फाफलला. पुण्याला परत आल्यावर त्याचा फोन आला, "दादा, टायमिंग बसूनच नाही राहिलं." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला. म्हणून दोन वीकेंड याच विषयावर वाचत बसलो. तर मंडळी, ही त्याची गोष्ट.

हा प्रश्न चांगला ऐंशी वर्षांहून जुना निघाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रक्तदानाच्या मोहिमा जोरात होत्या आणि कॉलेजची खेळाडू पोरंही रांगेत उभी राहत होती. १९४२ साली कार्पोविच आणि मिलमन या दोघांनी खेळाडू रक्तदात्यांवरच एक शोधनिबंध लिहिला. निष्कर्ष साधा होता. थोडक्या वेळाच्या, जोराच्या कामात फारसा फरक नाही, पण जिथे दम लागतो तिथे घट दिसते.

आता हे भरतीला लावून बघा. शंभर मीटर आणि गोळाफेक, काही बिघडत नाही. सोळाशे मीटर? तिथेच घोडं अडतं.

१९६८ चं ऑलिम्पिक मेक्सिको सिटीला झालं. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंची, हवा विरळ. लांब पल्ल्याच्या शर्यतींत सपाटीवरच्या भल्याभल्यांची दमछाक झाली. रक्त किती ऑक्सिजन वाहून नेतं, हा प्रश्न त्यानंतर सगळ्यांनाच पडायला लागला.

१९७२ साली स्टॉकहोमच्या ब्यॉर्न एकब्लोम यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट प्रयोग केला. काही जणांचं रक्त काढलं, त्यांना पळवलं, कामगिरी घसरली. साधारण चार आठवडे साठवून ठेवलेल्या त्यांच्याच लाल पेशी मग त्यांना परत दिल्या. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सुमारे ९ टक्क्यांनी वाढली आणि दमेपर्यंत पळण्याचा वेळ सुमारे २३ टक्क्यांनी. तेही एका रात्रीत, एक दिवसही जास्तीचा सराव न करता!

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये फिनलंडच्या कार्लो मानिन्कानं दोन पदकं मिळवली आणि नंतर रक्त चढवून घेतल्याचं कबूल केलं. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेच्या काही सायकलपटूंनी तेच केलं. स्वतःचं रक्त साठवायला वेळ नव्हता म्हणून काहींनी नातेवाइकांचं घेतलं, आणि त्यातले काही आजारी पडले. गंमत म्हणजे तेव्हा हे नियमात बसत होतं. बोभाटा झाल्यावर बंदी आली.

असो. पण मग माझं "चोवीस तास" आलं कुठून? ते अर्धं खरं आहे. अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातले ३५० मिली म्हणजे सात टक्के. गेलेलं द्रव शरीर एक-दोन दिवसांत भरून काढतं. पण ते सरबतात पाणी ओतल्यासारखं. ग्लास काठोकाठ दिसतो, गोडी मात्र उतरलेली असते. लाल पेशी पूर्ववत व्हायला चार ते आठ आठवडे लागतात. शिवाय ३५० मिलीबरोबर साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह जातं आणि जेवणातून रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम अंगी लागतं. हिशोब तुम्हीच करा. आपल्याकडे पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवायला सांगतात, ते उगीच नाही.

हे अंतर न पाळणारेही आपल्याकडे होते. पैशांसाठी वारंवार रक्त विकणारे गरीब लोक. त्यांच्या अंगात लाल पेशी भरून यायला उसंतच नसायची. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली आणि सगळी भिस्त तुमच्या-माझ्यासारख्या फुकट देणाऱ्यांवर आली. आमच्या विदर्भात तर सिकलसेलचे रुग्ण इतके, की रक्ताची गरज बारमाही. म्हणून "खेळाडूंनी देऊ नये" असं मी मुळीच म्हणणार नाही. फक्त तारीख बघून द्या. शर्यत किंवा ग्राउंड दोन-अडीच महिन्यांवर असेल तर खुशाल द्या. त्याहून जवळ असेल तर ते उरकल्यावर द्या.

आता काकाच्या पोराचं. ग्राउंडला सोळाशेत त्याला नेहमीपेक्षा अकरा सेकंद जास्त लागले आणि दोन गुणांनी त्याचं राहिलं. सगळा दोष त्या साडेतीनशे मिलीचा, असं म्हणता येत नाही. आदल्या रात्री तो मैदानाबाहेर फुटपाथवर झोपला होता. पण त्यानं मला नेमका प्रश्न विचारला होता, आणि मी उत्तर माहीत नसताना ठोकून दिलं.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. माफीही मागितली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जाऊ दे ना दादा. रक्त त कोनाले लागलंच असंन." मग त्यानं विचारलं, पुढच्या ग्राउंडच्या आधी शेवटचं कधी देता येईल?

या वेळी मी कॅलेंडर काढून, दिवस मोजून सांगितलं.