शिशाचे नाणे आणि धातुशोधक

जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यातल्या आष्टी गावी विद्यार्थ्यांशी बोलायला आम्ही गेलो होतो. विषय होता वीज आणि चुंबकत्व. तास संपला तसा नववीतल्या एका मुलाने खिशातून एक करडी, जड चकती काढून टेबलावर ठेवली. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला अधिकाच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे. सातवाहनांचे शिशाचे नाणे! मामाच्या शेतात, जुन्या पांढरीच्या कडेला, पावसानंतर वर आलेले. मुलाचा प्रश्न मात्र इतिहासाचा नव्हता. "सर, तपासणीच्या वेळी माणसांच्या अंगावरून फिरवतात ते यंत्र पांढरीवर फिरवले, तर अशी किती सापडतील?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर आधी विज्ञानाच्या बाजूने पाहू.

धातुशोधकाच्या कड्यात तारेचे वेटोळे असते. त्यातून दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र तयार होते आणि यंत्र ते टिपते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले प्रवर्तन ते हेच. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने याच तत्त्वाचे यंत्र वापरून पाहिले. ते यशस्वी झाले नाही. पलंगातल्या पोलादी तारांनी घोटाळा केला, असे सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या कोसात्स्की या अभियंत्याने सुरुंग शोधणारे यंत्र सिद्ध केले. युद्धानंतर शिल्लक राहिलेली अशी यंत्रे हौशी लोकांच्या हाती गेली आणि युरोप-अमेरिकेत बागा, कुरणे, समुद्रकिनारे धुंडाळण्याचा छंद सुरू झाला.

आपल्याकडे मात्र हे यंत्र जरा बिचकते. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून ओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवावा. काळे कण मिशांसारखे चिकटतात. (हा प्रयोग वर्गात जरूर करावा. खर्च शून्य.) अशा जमिनीवर यंत्र नाणे नसतानाही कुरकुरते. शिवाय तांब्याच्या तुलनेत शिसे जेमतेम बाराव्या हिश्श्याने वीज वाहते, त्यामुळे शिशाचे नाणे चांदीच्या नाण्याइतके ठळक ओळखू येत नाही. बेलची गोळीही शिशाचीच होती. वीत-दीड वीत खोलीपलीकडे एकटे नाणे सहसा लागत नाही, आणि त्याआधी नांगराच्या फाळाचे तुकडे, ट्रॅक्टरचे नटबोल्ट, बाटल्यांची झाकणे हीच रास निघायची.

तरीही समजा, नाणी सापडली. मग काय?

येथे आम्हाला नाशिकजवळच्या जोगलटेंभीची आठवण होते. १९०६ मध्ये तेथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी होती सुमारे १३,२५०. सगळी क्षहरात राजा नहपानाची, पण त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. म्हणजे नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचे चैत्याचे आणि 'उज्जैन' चिन्ह! रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा तपासून प्रसिद्ध केला. गौतमीपुत्राने क्षहरात कुळाचा उच्छेद केला, असे नाशिकच्या लेण्यातील त्याच्या आईचा, म्हणजे गौतमी बलश्रीचा, लेख सांगतो. पण राजाची आई मुलाची स्तुती करणारच! साठ्याने तिच्या शब्दाला साक्ष दिली. त्यात नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या मध्ये आलेल्या कोणाही राजाचे एकही नाणे नाही. यावरून एकाचे राज्य दुसऱ्याने सरळ घेतले, असे मानता येते.

हा निष्कर्ष कशातून निघाला? एकेका नाण्यातून नव्हे. दर शंभरातली सत्तर पुन्हा ठसा मारलेली, तीस तशीच, आणि तिसऱ्याचे एकही नाही, या हिशेबातून. हीच तेरा हजार नाणी कोणी एकेक उकरून सराफांना आणि संग्राहकांना विकली असती, तर प्रत्येक नाणे शाबूत राहिले असते आणि पुरावा मात्र नाहीसा झाला असता. यंत्र धातू दाखवते. कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती, हे दाखवत नाही. खणण्याच्या घाईत नेमके तेच पुसले जाते.

कायदाही पाहून ठेवावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. न कळवणे हा गुन्हा आहे. (दहा रुपये! त्या काळी ती दहा चांदीची नाणी होती.) संरक्षित स्मारकांच्या आवारात परवान्याशिवाय खणता येत नाही. ब्रिटनमध्ये वाट थोडी वेगळी आहे. तेथे छंदाला मुभा आहे, पण १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची स्थळासह नोंद करण्याची योजना चालते आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. तेथेही सगळे जण नोंद करतात असे नाही.

आम्ही त्या मुलाला यंत्राऐवजी वही उघडायला सांगितली. नाणे धुवायचे नाही, चिंचेने तर मुळीच घासायचे नाही. शेताचा गट क्रमांक, बांधापासूनची पावले, जवळ खापरे होती का, मणी होते का, वीट होती का, हे सारे लिहायचे, आणि मग गुरुजींबरोबर तहसील कार्यालयात जायचे. त्याने सगळे मन लावून लिहिले. मग सहज विचारले, "एवढे एकच सापडले का?"

"नाही सर, तीन होती. दोन मामाने वितळवून मासे धरायच्या जाळ्याला लावली. वजनाला चांगली असतात."