कृत्रिम गुडघा व वाकलेले हाड

बर्लिनचे शल्यविशारद थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० साली क्षयग्रस्त गुडघ्यात हस्तिदंताची बिजागरी बसविली. जंतुदोषाने ती टिकली नाही. परंतु १९५१ साली स्वीडनच्या वॉल्डियस यांनी तीच कल्पना पुन्हा उचलली. बिजागरी वाकड्या अस्थींनाही बळेच जखडून ठेवी. १९७० च्या सुमारास अस्थिबंधांवर विसंबणारे सांधे आले, आणि खुब्यापासून घोट्यापर्यंतची भाररेषा गुडघ्याच्या मध्यातून नेणे अगत्याचे ठरले. खरी अडचण येथेच उद्भवते. जुन्या अस्थिभंगाने मांडीचे हाड वाकले असल्यास त्याच्या पोकळीत मार्गदर्शक सळई शिरत नाही. मग हाडच छेदून सरळ करावे, की सांध्यातील छेद तिरपा घ्यावा? वक्रता गुडघ्याच्या जितकी निकट, तितका तिरपा छेद मोठा व अस्थिबंधांस धोका अधिक. १९९७ साली ग्रनोब्ल येथे संगणकाने भाररेषा मोजून सांधा बसविण्यात आला. सळईची गरज सरली. छेदाचा प्रश्न मात्र शल्यविशारदाच्या विवेकावरच राहिला.