स्वतःचे गाणे आणि ऐकणारे कान

वऱ्हाडात समूहगायन म्हटले की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी प्रथम आठवते. महाराजांच्या देहावसानास (१९६८) अर्धशतक उलटले. तरी आमच्या चांदूर बाजार परिसरात त्यांची भजने आजही गायिली जातात. गाणे टिकते ते कशाच्या बळावर? या प्रश्नाच्या संदर्भात मुंबईतील एका अल्पायुषी रॉक वाद्यवृंदाचा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो.

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. गिटारवादक महेश तिनईकर, गायक उदय बेनेगल, कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया ही त्यातील ठळक नावे. त्या काळच्या महाविद्यालयीन श्रोत्यांना परदेशी गीतांची हुबेहूब नक्कल प्रिय होती. या तरुणांनी मात्र १९८८ मध्ये ‘रॉक एन रोल रेनिगेड’ हा स्वरचित इंग्रजी गीतांचा संग्रह काढला. १९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. ‘इंडस’ म्हणजे सिंधू. ‘क्रीड’ म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. १९९५ साली त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या सुरेल गीताच्या चित्रफितीस एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार लाभला.

आणि १९९७ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला! दरम्यान संगीतवाहिन्या हिंदी पॉप व चित्रपटगीतांकडे वळल्या होत्या. इंग्रजीत स्वतःचे गाणाऱ्या भारतीयांस बाजारात जागा उरली नव्हती. बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यू यॉर्कला गेले व तेथे ‘आम्स फॉर शांती’ या नावाने गाऊ लागले. २०१० साली ‘इंडस क्रीड’ पुन्हा एकत्र आला; २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा संग्रहही निघाला. परंतु मधली तेरा वर्षे गेली ती गेलीच.

त्यांच्यापाशी गुणवत्ता होती, परिश्रम होते, पुरस्कारही होता. उणीव होती ती त्यांचे गाणे आपले मानून सांभाळणाऱ्या श्रोतृवर्गाची. खंजिरी भजन टिकले, कारण ऐकणारा स्वतःही गातो आणि पुढच्या पिढीस शिकवितो.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुलेमुली आज गिटार व कीबोर्ड वाजवितात. त्यांनी प्रसिद्ध गीत वाजविले की आपण टाळ्या देतो. स्वतः रचलेले गायिले की गप्पांत रमतो. पुढील स्नेहसंमेलनात एक तरी स्वरचित गीत कार्यक्रमात असावे आणि वडीलधाऱ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकावे, एवढेच आमचे सांगणे आहे.