चोवीस तासांचा कॅन

भूमला काकांच्या न्हाणीत एक दिवस पाच लिटरचा पांढरा कॅन होता. आजार प्रोस्टेटचा, हाडांत उतरलेला. लॅबवाल्यानं बजावलं होतं: सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, मग दिवसरात्रीची सगळी यात, दुसऱ्या सकाळची पहिली धरून बंद. तळाशी आम्ल होतं; पोरांनी हात लावू नये म्हणून काकूनं झाकणावर चिंधी बांधली होती.

लघवी हा शब्द 'लघुशंके'तल्या लघुचा. 'मधुमेह'मधला मेह म्हणजेही मूत्र. त्यातून रोग ओळखणं आपल्याकडे सुश्रुताइतकं जुनं आहे. पण हाडांच्या दुखण्यासाठी कॅन भरण्याची रीत अलीकडची.

१९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्सनं दाखवलं, की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. वृषणं काढली की आजार ओसरे. काही काळानं पुन्हा डोकं वर काढी. कारण मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही ते संप्रेरक थोडंफार बनवतात, आणि त्यांना हुकूम सोडते मेंदूखालची वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी. मग तीच काढायची! स्टॉकहोममध्ये लुफ्ट आणि ऑलिव्हेक्रोना या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात कर्करोगासाठी ही शस्त्रक्रिया रुजवली. कमरेच्या हाडांसाठी कवटीत शिरायचं, हे धाडस वेदनेनंच करवून घेतलं असणार.

गुण आला की नाही, हे लघवी सांगे. हाडातलं कोलॅजन हे प्रथिन मोडलं की हायड्रॉक्सीप्रोलीन हे अमिनो आम्ल सुटतं. शरीराला ते पुन्हा वापरता येत नाही, काही भाग लघवीतून जातो. आकडा उतरला, तर हाडांची झीज मंदावली. चाचणीआधी मटण, पायासूप बंद, नाहीतर बोकडाचं कोलॅजन रोग्याच्या नावावर लागायचं. ग्रंथी गेल्यावर पाणी धरून ठेवणारं संप्रेरकही कमी पडे, मग लघवीच लिटरांनी वाढे. म्हणून नुसता एक नमुना नव्हे, पूर्ण दिवसाचं माप हवं.

१९७१ला शाली या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनं पीयूष ग्रंथीला हुकूम देणाऱ्या संप्रेरकाची रचना उलगडली. पुढे त्यावरून बनलेल्या इंजेक्शनांनी चाकू मागे सारला. पाठोपाठ रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन मोजणारी पीएसए तपासणी आली. आमचे भूम-परांडा तालुके १९८७पासून बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत आहेत. काकांसारखी माणसं तिथं निदान मोजली तरी जातात.

काकांच्या कॅनमधून हायड्रॉक्सीप्रोलीन नव्हे, हाडांतून सुटणारं कॅल्शियम मोजायचं होतं. दुसऱ्या दिवशी धाराशिवच्या एसटीत काकूनं तो मांडीवर, दोन्ही हातांत धरला होता.