लक्षणाकडून सवयीकडे : अश्वपरीक्षेच्या इतिहासातील एक वळण

घोडा पारखणे ही फार जुनी विद्या आहे. मात्र पारखायचे नेमके काय, याचे उत्तर प्रत्येक काळाने निराळे दिले. वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. तथापि खुणांवरून अर्थ काढण्याची रीत आणि त्या रीतीतले धोके हा तर आपल्या रोजच्या व्यवसायाचाच भाग आहे. म्हणून या विषयाकडे वळावेसे वाटते.

आरंभ आमच्याच परिसरापासून करता येतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याविषयी जे लिहून ठेवले आहे, त्यात एक चमत्कारिक करार आढळतो. येथल्या राजाचे समुद्री चाच्यांशी संगनमत होते : लुटीतले घोडे तेवढे राजाला द्यावेत, उरलेला माल चाच्यांनी ठेवावा. कारण राजाजवळ घोडे नव्हते आणि हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजांवर इतर मालाबरोबर घोडे हमखास असत. अरबस्तानातून नि इराणी आखातातून येणारा घोडा हे त्या काळी राज्यसत्तेचे साधन होते. असा महागडा जीव घेताना फसगत होऊ नये, ही चिंता स्वाभाविकच होती.

या चिंतेतून ‘लक्षणे’ आली. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ आपण त्यातल्या जुन्या मराठीच्या अवशेषांसाठी चाळतो. पण त्यात घोड्यांचे वर्ण, जाती आणि शुभाशुभ खुणा यांचाही विचार आहे. (सोमेश्वराचे कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, ठाणे जिल्ह्यातले कल्याण नव्हे, हे विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगावे लागते.) अंगावरच्या भोवऱ्यांवरून घोड्याचे आणि धन्याचेही भाग्य सांगण्याची ही परंपरा संपलेली नाही. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. तेथे गिऱ्हाईक आजही ‘देवमण’ आहे की नाही ते पाहून घेते. खूण घोड्याच्या अंगावर असते आणि ती बदलत नाही, हे या विद्येचे गृहीत आहे.

इंग्रजी अमदानीतल्या शर्यतींनी हे गृहीत मोडले. भायखळ्याच्या मैदानावरच्या शर्यती १८८३ साली महालक्ष्मीला आल्या आणि कागदाचे एक नवे जग उभे राहिले : कोणता घोडा, कोणत्या दिवशी, किती अंतर, किती वजन, स्वार कोण, क्रमांक कितवा. दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरणाऱ्या डोंबिवली-कल्याणच्या शौकिनाने घोडा हाताळलेलाही नसतो. त्याच्या हाती असते ते रेसचे पुस्तक. म्हणजे तो घोडा पाहत नाही, घोडा ‘वाचतो’.

आणि वाचता वाचता त्याच्या ध्यानात येते, की या मजकुराचा कर्ता घोडा नसून ट्रेनर आहे. जुन्या मराठीत त्याला चाबूकस्वार म्हटले असते. पण आजच्या ट्रेनरचे काम घोडा वळणावर आणण्यापुरते नाही. हँडिकॅप शर्यतीत जिंकणाऱ्या घोड्याचे मानांकन वाढते आणि पुढच्या वेळी त्याच्या पाठीवर अधिक वजन चढते. त्यामुळे घोड्याला केव्हा, किती अंतराच्या आणि कोणत्या वर्गाच्या शर्यतीत उतरवायचे, हा निर्णयच निम्मी शर्यत असतो. जो निर्णय वारंवार घ्यावा लागतो त्याची सवय होते. एखादा ट्रेनर दीर्घ विश्रांतीनंतरची पहिली धाव केवळ अंग मोकळे करण्यासाठी देतो आणि दुसऱ्या धावेत घोडा तयार ठेवतो. दुसरा अंतर बदलून पाहतो, तर तिसरा नेमक्या वेळी ठरावीक जॉकीला बसवतो. घोडा मुद्दाम रोखून धरणे नियमाविरुद्ध असते आणि त्याची चौकशीही होते. येथे विचार आहे तो नियमात राहून केलेल्या निवडींचा.

ही वाचनाची रीत आपल्याला अनोळखी नाही. १८७० च्या दशकात मोरेल्ली या इटालियन अभ्यासकाने चित्रांचे कर्ते ओळखण्यासाठी कानाच्या पाळ्या आणि नखे पाहावीत असे सुचवले. कारण चित्रकाराचे लक्ष नसते तेथेच त्याची सवय उघडी पडते. शैलीविज्ञानही हेच करते. आपल्या काव्यशास्त्राचा प्रवासही ‘लक्षणग्रंथा’कडून कर्त्याच्या लकबींकडे झाला, असे म्हणता येईल.

पण येथेच सावध राहावयास हवे. ट्रेनरचे पाच घोडे एकाच पद्धतीने जिंकले, एवढ्याने सवय सिद्ध होत नाही. त्याच पद्धतीने उतरवलेले किती हरले, हेही मोजावे लागते. जिंकलेले लक्षात राहतात, हरलेले विसरतात. अशा वेळी ‘सवय’ म्हणजे नव्या पोशाखातला भोवराच! शिवाय टोटवर सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, कर आणि क्लबचा हिस्सा वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. म्हणजे लढत घोड्याशी नसून इतर वाचकांशी असते. सर्वांना कळलेली सवय खरी असूनही लाभाची राहत नाही, कारण तिचा भाव आधीच उतरलेला असतो.

या विवेकाची किंमत कळण्यासाठी मटक्याकडे पाहावे. ‘कल्याण’ नावाचा मटका आमच्या गावाचा नव्हे. १९६० च्या दशकात तो सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्या नावाचा. तेथे आकडा निघतो, त्यामागे कोणाची निवड नसते. तरीही कालच्या आकड्यांचे तक्ते मांडून उद्याचा आकडा शोधणारे थोडे नाहीत. कर्ताच नसलेल्या मजकुरात ते कर्त्याची लकब शोधतात आणि त्या शोधात पगार जातो, घर जाते.

१९९६ साली लक्ष्मणन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अश्वशर्यत हा कसबाचा खेळ असल्याचे मानले आणि हाच भेद कायद्याच्या भाषेत मांडला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये शर्यतीवरच्या पैजेच्या पूर्ण रकमेवर लॉटरी-कॅसिनोप्रमाणेच २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि करापुरता तरी तो भेद उरला नाही. आमच्या मते, दोन्ही निर्णयांत अर्धे अर्धे सत्य आहे. वाचनात कसब असते हे खरे. पण कसब आहे म्हणून प्रत्येक वाचकाजवळ ते असते, असे नव्हे.

शर्यतीवर पैसे लावावेत, असे आम्ही कोणासही सुचवणार नाही. मात्र एखाद्या कवीची ‘खास प्रतिमा’ तीन कवितांत सापडली म्हणून प्रबंधाचे प्रकरण उभे करणाऱ्या विद्यार्थ्याला रेसच्या पुस्तकाचा एक धडा अवश्य द्यावा : ती प्रतिमा नसलेल्या कविता किती, तेही मोजून आण. शौकिनाची चूक त्याच्या खिशाला त्याच संध्याकाळी कळते. आपल्या चुका मात्र ग्रंथालयाच्या कपाटात पन्नास वर्षे बिनबोभाट उभ्या राहू शकतात.