बुडून मृत्यू म्हणता? मग त्या दिवशीची पाणीपातळी दाखवा

आपल्या वस्तीतला माणूस तलावात किंवा कालव्यात मृत सापडला की पुढची गोष्ट जवळपास ठरलेली असते. पाय घसरला, पोहता येत नव्हते, बुडाला. पोलीस ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते. घरचे लोक रडत असतानाच पंचनाम्यावर अंगठे घेतले जातात. आणि इथेच खटला हरलेला असतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांनुसार तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. पण गुन्हाच दाखल नसेल तर तो नियम लागू होणार कुठून?

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका आणि मुलगे सुधीर व रोशन यांना मारून कालव्यात फेकले गेले. दुसऱ्या दिवशी प्रियंकाचा मृतदेह पाण्यात सापडला. पहिले शवविच्छेदन इतके निष्काळजी होते की पुरलेले देह उकरून दुसरे करावे लागले. तोवर जे जायचे ते गेले होते. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनाबद्दल दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. पण बलात्कार सिद्ध झाला नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागला नाही. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा 25 वर्षांच्या कारावासात बदलली. भैयालाल भोतमांगे न्यायाची वाट बघत 2017 मध्ये गेले.

खैरलांजीवर आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, पुस्तके लिहिली. ते करायलाच हवे होते. पण एक धडा आपण घेतला नाही असे मला वाटते. पाणी अंगावरचा पुरावा धुऊन नेते, मात्र त्या पाण्याचा स्वतःचा एक हिशेब असतो आणि तो सरकारी वहीत लिहिलेला असतो.

जळकोटच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. तिरू मध्यम प्रकल्पात यंदा किती टक्के साठा आहे, हे आपण पावसाळाभर पेपरात वाचतो. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा मांजरा धरणाचा आकडा शाळकरी पोरांनाही पाठ होता. हा आकडा येतो धरणावरच्या पातळीच्या मोजपट्टीवरून. पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये मोजतात, आणि किती पातळीला किती साठा व किती क्षेत्र पाण्याखाली, याचा तक्ता प्रकल्पाबरोबरच तयार झालेला असतो. ही नोंद ठेवणाऱ्याला त्या दिवशी कोण मेला, त्याची जात काय, याच्याशी देणेघेणे नसते. म्हणून ती साक्ष म्हणून मोलाची.

समजा पंचनामा म्हणतो, अमुक घाटाजवळ खोल पाण्यात बुडाला. वहीत त्या दिवशीची पातळी बघा. मग मोजणी करणाऱ्या माणसाला सोबत घेऊन धरणावरच्या पक्क्या खुणेपासून त्या जागेच्या जमिनीची उंची काढा. दोन्हीतला फरक म्हणजे त्या दिवशीची खोली. फरक दीड फूट निघाला तर 'खोल पाणी' हे शब्द आले कुठून, हे विचारता येते. ती जागा कोरडीच निघाली, तर देह तिथे कोणी आणून टाकला, हा प्रश्न तपास अधिकाऱ्याला टाळता येणार नाही.

अमेरिकेत लेक मीड नावाचा मोठा जलाशय आहे. 1 मे 2022 ला पाणी आटल्यावर काठाच्या चिखलात लोखंडी पिंप सापडले, आत गोळी लागलेल्या माणसाचा सांगाडा. कपडे आणि बूट सत्तरच्या दशकातले. त्या काळातली पातळी पाहिली तेव्हा कळले की आज जिथे काठ आहे, तिथे तेव्हा बरेच खोल पाणी होते. म्हणजे पिंप काठावरून ढकललेले नव्हते, होडीतून आत नेऊन सोडलेले असणार. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या आकड्यांनी एवढे सांगितले.

उगाच फुशारकी नको. दीड फूट पाण्यातही माणूस बुडू शकतो, दारू प्यायलेला असेल किंवा फिट आली असेल तर नक्कीच. देह वाऱ्याने सरकतो. विहिरीला धरणाची पातळी लागू पडत नाही. कालव्यात तर पातळीपेक्षा किती वाजता किती पाणी सोडले, याची नोंद महत्त्वाची. पातळी खुनी दाखवत नाही. ती फक्त पोलिसांची गोष्ट खोटी ठरवू शकते, आणि आकस्मिक मृत्यूची नोंद फिरवून गुन्हा दाखल करून घ्यायला अनेकदा तेवढेच लागते.

आणि या नोंदींशी आपले नाते जुने आहे. 1942 ते 46 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना पाटबंधारे आणि वीज बाबासाहेबांकडे होती. 1945 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत देशपातळीवरचा जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला; आजचा केंद्रीय जल आयोग त्याचाच वारस. देशातल्या मोठ्या धरणांची साठवण तो आज दर आठवड्याला जाहीर करतो. आपण मात्र बाबासाहेबांचे हे काम जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकतो.

तेव्हा अशी घटना घडली तर मोर्च्याच्या निवेदनासोबत आणखी एक अर्ज द्या, माहितीच्या अधिकारात, त्या प्रकल्पाच्या पाटबंधारे उपविभागाला. घटनेच्या आधीचे पंधरा आणि नंतरचे पंधरा दिवस, रोजच्या पातळीच्या नोंदवहीच्या साक्षांकित प्रती मागा. पाणी सोडल्याची नोंद, पावसाची नोंद आणि साठा-क्षेत्राचा तक्ताही मागा. उत्तराला तीस दिवस लागतील, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात जाऊ द्या. आणि त्याच दिवशी जागेवर जाऊन पाण्याची ओली रेघ जिथे आहे तिथे पट्टी धरून तारीख दिसेल असा फोटो काढा. पुढच्या पावसात ती रेघ राहणार नाही.