निगेटिव्हची थकबाकी

गेल्या पावसाळ्यात आमच्या आजीला कावीळ झाली. आजीला जाऊन पस्तीस वर्षं होत आल्यामुळे डॉक्टरसाठी धावपळ करावी लागली नाही. कावीळ झाली ती भिंतीवरच्या आजीला. आधी लुगड्याचा काठ पिवळा पडला, मग तुळशीवृंदावन पडलं, आणि दिवाळीच्या साफसफाईत तसबीर खाली उतरवली तेव्हा पिवळेपणा हनुवटीपर्यंत चढला होता.

हा फोटो बाबांनी १९७४ च्या मे महिन्यात राजापूरकडच्या आमच्या घराच्या अंगणात काढला. कॅमेरा 'क्लिक थ्री', छपाई डोंबिवलीच्या आमच्या मोरीत. आजी तुळशीजवळ उभी आहे, मागे माजघराचा काळोख, आणि तरी चेहऱ्यावर असा काही उजेड की येणारा-जाणारा विचारतो, "कुठल्या स्टुडिओत काढला?" आई मात्र दर वेळी म्हणते, "त्या फोटोत मीसुद्धा होते." यावर आम्ही एकमेकांकडे बघून विषय बदलतो. फोटोत आजी आणि तुळस यांखेरीज तिसरा सजीव प्राणी नाही. वयोमानाप्रमाणे माणसाला असं वाटतं, एवढंच.

नवी प्रत काढायची यावर घरात एकमत झालं. कशी काढायची यावर मात्र दोन पक्ष पडले. चिरंजीव म्हणाले, "निगेटिव्ह स्कॅन करा. दहा मिनिटांचं काम आहे." सौ. म्हणाली, "तो म्हणतो तेच बरोबर." मी म्हणालो, "बाबांनी जसा काढला तसाच, काळोखात, बाटलीतल्या औषधात धुऊन काढायचा." मी बँकेत क्लार्क आहे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून ग्राहकांना "सर्व्हर डाऊन आहे" असं सांगण्यात माझी उमर चालली आहे. निदान आजी तरी सर्व्हरच्या तावडीत सापडू नये, अशी माझी प्रामाणिक इच्छा होती.

शिवाय मी त्या मोरीचा जुना कर्मचारी. सात-आठ वर्षांचा असल्यापासून दर महिन्याच्या एका रविवारी मी बाबांच्या हाताखाली काम केलं आहे. खिडकीला काळी घोंगडी, दिव्याला लाल बल्ब, पाटावर एनलार्जर, आणि खाली तीन ट्रे. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात ॲसेटिक ॲसिडचं पाणी, तिसऱ्यात हायपो. कोऱ्या कागदावर काही सेकंद उजेड पाडायचा आणि तो पहिल्या ट्रेमध्ये सोडून ट्रे हलवत बसायचं. मग पांढऱ्या कागदात आधी केस यायचे, मग भुवया, मग डोळे. कुणीतरी पाण्याखालून वर येतंय आणि आपल्याला ओळखतंय असं वाटायचं. सायकलच्या तारेला लग्नपत्रिकेतून कापलेली पुठ्ठ्याची टिकली लावलेली होती. उजेड चालू असताना बाबा ती चेहऱ्यावर धरून हलवीत. तेवढ्या जागी उजेड कमी पोचला की चेहरा उजळ उतरतो. माझं काम सेकंद मोजण्याचं. आजही नोटा मोजताना कधीकधी मी मध्येच "बंद!" असं ओरडतो, त्याचं मूळ तिथे आहे.

शेवटचं काम धुण्याचं. हायपो कागदातून पुरता निघून जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धुवायचं. पण नळ दहाला जायचा आणि आई साडेनवापासून दार ठोठवायची, "तुमच्या बायका झाल्या असतील धुऊन तर माझी भांडी घासू का?" बाबा घाईघाईनं उरकायचे. आजीच्या काविळीचं निदान इथेच आहे. कागदात उरलेला हायपो वर्षानुवर्षं चित्रातल्या चांदीला खात बसतो आणि फोटो पिवळा पडतो. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी नळ अर्धा तास आधी गेला, त्याचं बिल आत्ता आलं. नगरपालिकेच्या वसुलीत इतकी चिकाटी मी दुसरीकडे पाहिली नाही.

तुम्ही म्हणाल, एका फोटोसाठी एवढं महाभारत कशाला? पण हे भांडण आमच्या घरचं नव्हेच, आमच्याकडे ते वारसाहक्कानं आलं आहे. १८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला दागेरची कृती जाहीर झाली. फ्रेंच सरकारनं त्याबद्दल त्याला सालाना सहा हजार फ्रँक पेन्शन बांधून दिलं. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तो असं चित्र उतरवी की भिंगातून एकेक केस मोजावा. दोष एकच, की प्रत एकच. दुसरी निघायची नाही. सोन्याच्या दागिन्यासारखंच ते: लॉकरमध्ये शोभतो, पण एकाच मुहूर्तावर दोन मुलींच्या गळ्यात घालता येत नाही.

तिकडे इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट हे गृहस्थ कागदावर खटपट करत होते. १८३५ साली त्यांनी लेकॉक ॲबी या आपल्या घरातल्या एका खिडकीचं चित्र घेतलं. त्यात उजेड काळा आणि काळोख पांढरा. अशा उलट्या चित्रावरून सुलट्या प्रती हव्या तेवढ्या काढायची रीत त्यांनी पुढे बसवली आणि १८४१ मध्ये पेटंट घेतलं. त्यांचं चित्र दागेरच्या मानानं भुरकट, पण कितीही छापा. या उलट्याला 'निगेटिव्ह' आणि सुलट्याला 'पॉझिटिव्ह' ही नावं दिली सर जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हा शोधही त्याचाच, १८१९ सालचा. फोटो उजेडात टिकवायला तोच पुढे उपयोगी पडला. कॉमर्सच्या माणसाला निगेटिव्ह समजावून सांगावी लागत नाही. निगेटिव्ह म्हणजे लेजर आणि फोटो म्हणजे पासबुक. पासबुक हरवलं तर नवं मिळतं, लेजर जळलं तर मॅनेजर रडतो. आणि एकाला जे नावे ते दुसऱ्याला जमा, हे तर आम्ही अकरावीलाच पाठ केलेलं.

आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी होते. त्या काळात बाटल्या, काचा आणि काळोख बरोबर घेऊन हिंडणाऱ्या या मंडळींच्या घरच्यांनी काय सोसलं असेल, याची कल्पना मला माझ्या आईकडे पाहून येते.

आता चिरंजीवांच्या बाजूचा पुरावा. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी कॉम्प्युटरला जोडलेला पहिला स्कॅनर चालवला. त्यात पहिला फोटो कुणाचा घालावा? स्वतःच्या तीन महिन्यांच्या मुलाचा! एका बाजूला १७६ आणि दुसऱ्या बाजूला १७६ असे ठिपके, एवढंच ते बाळ. स्कॅनरच्या मुळाशीही एक बाप आणि एक घरचाच फोटो आहे हे वाचलं, तेव्हा माझा विरोध थोडा ढिला पडला. पुढे १९७५ साली कोडॅकच्याच एका इंजिनिअरनं बिनफिल्मचा कॅमेरा बनवला. चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद लागत. त्याच कोडॅकला २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. बाबा 'इंदू' छापाचा कागद वापरीत, तो उटीला १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. तोही कारखाना बंद पडला. इंग्लंडात इल्फर्डचा कागद मात्र अजून निघतो. या धंद्यात कोण कुणाच्या मागे राहील, सांगता येत नाही.

तरीही मी हट्टानं बिस्किटांचा जुना डबा काढला. आत अठरा रोलच्या निगेटिव्ह, प्रत्येकी बारा, एकूण दोनशे सोळा. झाकण उघडताच तो वास आला: आंबट, नाकात झिणझिणणारा, मधल्या ट्रेमधल्या ॲसिडचा. मला एकदम बाबा जवळ बसल्यासारखे वाटले. डोळे भरून आले. सौ.ला म्हणालो, "बघ, अजून त्यांच्या मोरीचा वास राहिलाय."

तो डबा घेऊन मी गावातल्या एका निवृत्त स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो. त्यांची काळी खोली अजून शाबूत आहे. काकांनी झाकण उघडलं, हुंगलं आणि पटकन लावलं.

"हा वास कसला, माहीत आहे?"

"बाबांच्या डार्करूमचा," मी अभिमानानं म्हणालो.

"नाही हो. फिल्म कुजतेय. हिचा पाया ॲसिटेटचा. दमट, गरम हवेत त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं. ते शेजारच्या फिल्मलाही कुजवतं. त्यात तुम्ही सगळा वास बंद डब्यात कोंडून ठेवलात." त्यांनी एक पट्टी उजेडाकडे धरली. कडा आखडून तिला पापडासारखी लहर आली होती. "एका रविवारी माझ्याकडून दहा फोटो नीट होतील. तुमचे दोनशे सोळा. तोवर ह्या थांबणार नाहीत."

ज्या वासावर मी गहिवरलो, तो वास म्हणजे बाबांचं लेजर जळत असल्याचा धूर होता.

मग मात्र मी मुकाट्यानं पक्षांतर केलं. चिरंजीवांनी मित्राचा स्कॅनर आणला आणि तीन रात्री आम्ही दोघं बसलो. काम कंटाळवाणं होतं. ब्रशनं धूळ झाडायची, पट्टी ठेवायची, खालून-वरून उजेड सरकायचा आणि पडद्यावर माणूस एकदम, सबंध उभा राहायचा. केस आधी, मग भुवया, असा काही क्रम नाही. तिसऱ्या रात्री आजी आली.

पण ही आजी डाव्या बाजूला बरीच रुंद होती. बाबांनी छापताना चौरस निगेटिव्हचा कडेचा भाग सोडून दिलेला. उजेडाकडे धरून पाहिली, तेव्हा त्या कडेला एक काळा डाग दिसत असे. आम्ही तो खांब समजत होतो. निगेटिव्हमध्ये काळं ते मुळात पांढरं, हे पाठ असूनही बी. कॉम. झालेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. तो डाग म्हणजे आजोबांचं धुतलेलं धोतर. ते दोन्ही हातांनी ताणून, उन्हाचा उजेड आजीच्या तोंडावर पाडत, वाकून उभी असलेली एकोणीस वर्षांची एक मुलगी. लग्नाला महिना झालेला. डोळे मिचकावलेले, आणि सासूला दिसणार नाही अशा बेतानं हसणारी.

चिरंजीव धावत आजीला उठवायला गेले. आई आली, चष्मा लावला, बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सांगत नव्हते मी?"

पन्नास वर्षं ती खरं बोलत होती आणि आम्ही विषय बदलत होतो. आजीच्या चेहऱ्यावरचा उजेड बाबांच्या हातचा समजून सगळ्यांनी वाखाणला. त्यात बाबांची टिकली होती हे खरं, पण त्याच्याआधी आईचे हात होते. आमच्या बँकेतही ज्याची सही असते त्याचंच नाव होतं.

मी विचारलं, "आता फोटो कुठला लावायचा? पुरा की बाबांचा?"

"ह्यांनी लावला होता तोच लाव," ती म्हणाली. "सासूबाईंचा फोटो आहे तो. नीट धुऊन घे मात्र. पाणी आता चोवीस तास असतं."

म्हणून पुढच्या रविवारी मी काकांच्या काळ्या खोलीत उभा राहिलो. टिकली त्यांनी धरली, सेकंद मी मोजले. पाण्याखालून आजी वर आली: केस, भुवया, डोळे. आणि एक तास वाहत्या पाण्यात तिला न्हाऊ घातली. निगेटिव्ह मी टाकल्या नाहीत. कागदाच्या पाकिटांत घालून कोरड्या, मोकळ्या जागी ठेवल्या. स्कॅन झालं म्हणून मूळ व्हाउचर फाडायचं नसतं. माझ्या मुलीच्या बारशाची सीडी आज कुठल्याच यंत्रात उघडत नाही, आणि टॅलबटसाहेबांची १८३५ ची खिडकी मात्र अजून पाहता येते.

कावीळ उतरून आजी भिंतीवर परत गेली आहे. पुरा फोटो आईनं स्वतःच्या फोनवर घेतला आणि त्याच रात्री मावशीला, आत्याला आणि राजापूरच्या तीन घरांना पाठवला. खाली एकच ओळ लिहिली होती: "धोतर धरलेली मी."